मावशींच्या डोक्यातला रेडर

आमच्या मावससासूबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, शिट्टी होती. लग्न त्यांनी केलंच नाही. झरीच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवली, पोरींच्या कबड्डीच्या टीमा तयार केल्या, आणि रिटायर झाल्यावरही ती पितळी शिट्टी काही उतरवली नाही. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चालणं असं की मागं राहिलेल्या माणसाला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय. परभणीत स्टेशन रोडला एखादा ऑटोवाला आडवा घुसला की मावशी शिट्टी मारायच्या. तो बिचारा खरंच ब्रेक दाबायचा. पोलीस नाही, म्हातारी आहे, हे त्याला कळेपर्यंत मावशी रस्ता ओलांडून पलीकडं गेलेल्या असायच्या.

मी पालमचा. एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान आहे, पाण्याच्या मोटारी भरून देतो. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी कॉइल बसवायची, वर वार्निश मारायचं, झालं. असल्या माणसाचा आणि मेंदूतल्या शिरांचा काय संबंध? संबंध मावशींनी लावून दिला, तोही मी झरीला मुलगी बघायला गेलो त्याच दिवशी.

बोलणी छान चालली होती. पोहे झाले, चहा झाला, माझ्या चुलत्यांचं जमिनीचं विचारून झालं, मुलीच्या वडिलांचं माझ्या दुकानाचं विचारून झालं. आईनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, म्हणजे मुलगी पसंत. मी तर मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हाच पसंत केली होती, पण आपल्याला कोण विचारतं! तेवढ्यात दाराजवळच्या स्टुलावरून फुर्रकन शिट्टी वाजली. सगळे दचकले. चुलत्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"एक मिनिट," मावशी उभ्या राहून म्हणाल्या. "ह्या पोरीची आई म्हणजे माझी सख्खी बहीण. डोक्यातली शीर फुटून गेली. तिच्या आदी आमची आई तशीच गेली, चुलीपुढं बसल्या जागी. माझ्याबी डोक्यात शिरेला फुगा हाय, नांदेडला फोटो काढलाय. हिचा अजून काढला न्हाई, कारण ह्या आमच्या दाजींनी काढू दिला न्हाई. आता तो काढायचाय. उद्या फसवलं म्हणाल म्हणून आजच सांगायलेय. चालत असंल तर बसा. न्हाई तर पोहे संपवून जा, पोहे चांगले झालेत."

मुलीच्या वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. "मास्तरीणबाई, तुमी आत चला," ते दातओठ खात म्हणाले.

"आत बसूनच तर दोगी गेल्या, दाजी."

आई ताडकन उठली. "चला रे. आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाई आन् यायचंबी न्हाई."

मग मुलीनं मान वर केली. तोवर ती जमिनीकडं बघत होती. सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी खरं बोलायलीय. मला फोटो काढायचाय. लग्न ठरलं तरी आन् मोडलं तरी."

झालं, मी तिथंच औट झालो. जीपमध्ये आई पालम येईपर्यंत बोलत होती. पोरगी चांगली हाय रे, पण डोक्यात बॉम्ब घेऊन फिरणारी सून कुणाला पायजे, लोक काय म्हणतील, लेकरंबाळं झाल्यावर काय करायचं. चुलते मधूनमधून "हाव, हाव" करत होते. मला राग आलेला होता आणि तो नेमका कुणाचा आलाय ते कळत नव्हतं. माझ्या दुकानात रोज हेच चालतं. मोटार जळेपर्यंत एक माणूस उघडून बघत नाही, जळाली की सगळे खांद्यावर घेऊन धावत येतात आणि वर मलाच म्हणतात, काल तर चांगली चालत होती! चांगली चालत असताना उघडा म्हणणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं होतं. आणि त्याच माणसाला सगळे वेडं ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि मोटारसायकल काढून सरळ परभणीतलं मावशींचं घर गाठलं. मावशी अंगणात ज्वारी निवडत होत्या. "या," म्हणाल्या, जसं काही मी येणार हे त्यांना ठाऊकच होतं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "दम किती हाय तुमचा? म्हणा, कबड्डी कबड्डी."

"आँ?"

"म्हणा की. एका दमात."

आता मावशींच्या अंगणात, शेजारची बाई भिंतीवरून डोकावत असताना, मी पस्तिशीला टेकलेला माणूस कबड्डी कबड्डी करत उभा! लाज वाटली, पण म्हणत राहिलो. दम सुटल्यावर मावशींनी शिट्टी मारली. "बरा हाय. तंबाखू खाता, ती सोडा. मीबी तपकीर सोडली. डॉक्टर म्हणला, तंबाखू कोणतीबी शिरेला वाईट, आन् बीपी वाढू द्यायचं न्हाई. तवापासून माझं डोकं ठिकाणावर नसतंय, म्हणून काल जरा जोरात वाजवली शिट्टी." तेवढीच त्यांची माफी.

त्या दिवशी त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली. झरीला पापड लाटायला बायका जमल्या होत्या. बहीण मध्येच "डोकं फुटलं गं माझं" म्हणून ओरडली आणि लाटणं हातात तसंच धरून आडवी झाली. परभणीला दवाखान्यात नेलं. मावशी पोरींची टीम घेऊन बाहेरगावी गेल्या होत्या, त्यांना खबर उशिरा लागली. डॉक्टरनं बाहेर उभ्या असलेल्या माणसांना विचारलं, ह्यांच्या घरात ह्याच्या आधी कुणाला असं झालेलं होतं का? नवरा, दीर, सासरा, सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं, न्हाई साहेब, आमच्या घराण्यात कुणालाच न्हाई.

"खोटं बोलले का ते?" मावशींनी मला विचारलं. "न्हाई. एक अक्षर खोटं न्हाई. त्यांच्या घराण्यात कुणालाच झालं नव्हतं. त्यांनी भावकी आठवली, आजा आठवला, पणजा आठवला. मांडवाखालून आणलेली बाई त्यांच्या घराण्यातली झाली ना! मग तिची आई कोण? कुणीच न्हाई. अहो, दोन पावसाळ्यांपूर्वी ह्याच माणसांनी माझ्या आईला खांदा दिला होता. तिथं उभं राहून एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई, की हिची आई अशीच गेलीय."

मावशी पोचल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरला सगळं सांगितलं. बहीण काही वाचली नाही, तेव्हा वाचवण्याजोगं काही उरलंही नव्हतं. पण तो डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मावशींना बाजूला बसवून समजावलं, की मेंदूतल्या शिरेला कधीकधी फुगा येतो, तो दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. सगळेच फुटत नाहीत, पण फुटला तर माणूस हाती लागत नाही. एका घरात दोघींना झालं म्हणजे उरलेल्यांनी, काही दुखत नसलं तरी, एकदा शिरांचा फोटो काढून बघावा.

बहिणीचे दिवस झाल्यावर मावशींनी हे दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, पोरीचं लग्न व्हायचंय, गप बसा. नातेवाईक म्हणाले, मेली त्याच्यात देवाची मर्जी. "मर्जी सांगायला तुमाला देवाचा फोन आला होता का?" मावशींनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, तुमाला तर बहिणीचं सुतकबी तीन दिवसांचं, तुमी कशाला एवढी फिकीर करायल्यात? ह्यावर मावशी जे बोलल्या ते झरीत अजून सांगतात. "सुतक तीन दिवसांत फिटतंय. रक्त कवा फिटतंय ते सांगा, मी तवा गप बसते."

मग त्या स्वतःच्याच फोटोमागं लागल्या. तेही सोपं नव्हतं. परभणीतल्या एका डॉक्टरनं विचारलं, बाई, डोकं दुखतंय का? न्हाई. चक्कर? न्हाई, आत्ताच ग्राउंडला चकरा मारून आले. मग कशाला उगीच फोटो? मावशी म्हणाल्या, "दुखल्यावर बहिणीला आणलं होतं की दवाखान्यात. काय करता आलं तुमच्या लोकांना?" चिठ्ठी मिळाली. नांदेडला मशीनमध्ये घातलं, त्याच्या आवाजाबद्दल त्यांचं मत असं की वरातीचा बँड परवडला. आणि डाव्या बाजूला, डोळ्याच्या मागं, निघाला फुगा.

दुसरं कुणी असतं तर हंबरडा फोडला असता. मावशींनी त्याला नाव ठेवलं, रेडर, म्हणजे कबड्डीत चढाई करून येणारा. "डाव्या कोपऱ्यातनं येणारा हाय," असं त्या सगळ्यांना सांगायच्या, किराणा दुकानदारालासुद्धा. लोक "बिचारी" म्हणाले की चिडायच्या. "बिचारी कशाची? बिचारी माझी बहीण, तिला ठाऊकच नव्हतं. मला त्याची चाल ठाऊक हाय. मरायचंय तर मरू, मी काय अमर व्हायला आले न्हाई. पण ज्या रेडरची चाल ठाऊक हाय त्याच्या हातनं औट व्हायचं न्हाई."

एवढं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी ज्वारीचं सुपडं खाली ठेवलं. "आता बोला. पोरीच्या डोक्यात फुगा निघाला तर तुमी काय करणार?"

मला जेवढं येतं तेवढं बोललो. "मोटार भरतो तशी भरू की, मावशी."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग अशा हसल्या, की शेजारची बाई परत भिंतीवर आली. "जावईबापू," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तसंच करत्यात!"

मला वाटलं, माझी गंमत करायल्यात. खरं काय ते पुढं मावशींना घेऊन हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा कळलं. मावशींच्या फुग्याचा आकार वेडावाकडा होता, घरात दोन मरणं झालेली, म्हणून तिथला डॉक्टर म्हणाला, नुसतं लक्ष ठेवून बसण्यापेक्षा बंद केलेला बरा. धोका त्यातही आहे, हेही त्यानं लपवलं नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालायची, ती मेंदूपर्यंत न्यायची, आणि केसासारखी तार त्या फुग्यात गुंडाळी करून भरायची. कॉइल म्हणतात तिला. कॉइल शब्द ऐकल्यावर मी खुर्ची पुढं सरकवली. दोन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेला मी एकदम बोलायला लागलो. तार कशाची? किती वेढे? आणि शेवटी विचारलं, वार्निश कशाचं मारता? दाजींनी कपाळावर हात मारला. डॉक्टर हैदराबादी होता, मनापासून हसला आणि म्हणाला, "अरे भाई, खून ही उसके अंदर जमके वार्निश बन जाता." बघा, म्हणजे मी अगदीच काही मूर्खासारखं विचारलं नव्हतं.

हो, दाजी आले होते. लेकीनं त्यांच्यापुढं जेवण सोडलं होतं, दुसरं काय करतील! त्याआधी नांदेडला तिचाही फोटो झाला. तिच्या डोक्यात काही निघालं नाही. दाजी लगेच म्हणाले, बगा, उगीच गावभर बोभाटा केला. पण नांदेडचा डॉक्टर म्हणाला, आज नाही म्हणजे कधीच नाही असं नसतं. काही वर्षांनी परत बघायचं. मावशींनी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, दोन्ही वेळा माझ्याकडं बोट करून. लग्न अजून ठरलेलं नव्हतं, पण त्यांच्या लेखी मी जावई होतो.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं शिट्टी काढायला सांगितली. आधी हुज्जत, मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. "माझा दम सुटला तर तुमी वाजवायची. टीम सांभाळायची." त्यांचा आवाज त्या वेळी पहिल्यांदा हलला. दुपारभर ती शिट्टी मुठीत धरून मी बाकड्यावर बसलो, शेजारी ही बसलेली. आम्ही लग्नाबद्दल तिथंच बोललो, दुसरीकडं कुठं बोलायला वेळच मिळाला नव्हता. संध्याकाळी आत सोडलं. डॉक्टर मावशींना म्हणत होता, दोनो हात उठाव अम्मा. मावशींनी डोळे न उघडता दोन्ही हात वर केले आणि पुटपुटल्या, "विश्राम कवा?" मी तिथंच रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

लग्न झालं. आई आली, पण तोंड वाकडं करून आली. सुनेशी कामापुरतं बोलायची. मावशींनी ते ऐकलं आणि एक दिवस पिशवी घेऊन पालमला हजर झाल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. मी दुकानात पळून जायच्या बेतात होतो.

पण मावशी आईसमोर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची आई कशानं गेली?"

"माझी आई?" आई गडबडली.

"हाव. तुमचीच. सासू न्हाई म्हणले मी."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बाळंतपणात. धाकट्या भावाच्या येळंला. मी परकर-पोलक्यात होते." आणि मग जे बोलायला लागली ते दुपारचा चहा थंड होईपर्यंत. तिच्या आईला हुरड्याचा लय नाद होता, ती उंच होती, तिचा आवाज गोड होता. मी उंबऱ्यात उभा राहून ऐकत होतो. माझी आई पन्नास वर्षं ह्या घरात होती आणि तिच्या आईबद्दल मी काही म्हणजे काही ऐकलेलं नव्हतं. ऐकणार कुठून? आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. जाताना आईनं मावशींच्या पिशवीत शेंगा घातल्या, आणि पुढं दर सुगीला घालायची.

मावशी कोरोनात गेल्या. शेवटी फोनवर दम लागत होता, तरी म्हणाल्या, "हा रेडर नवीन हाय जावईबापू, ह्याची चाल कुणालाच ठाऊक न्हाई." दवाखान्यानं वस्तू दिल्या त्यात बूट होते. शिट्टी त्यांनी आधीच आमच्याकडं पाठवून दिली होती. डाव्या कोपऱ्यातला रेडर मात्र शेवटपर्यंत जागचा हलला नाही. त्याला त्यांनी पुरता धरून ठेवला होता.

मग नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलेली मुदत आली. आणि आमच्या बाईसाहेब, ज्या माझ्याकडं सरळ बघून लग्न मोडलं तरी फोटो काढणार म्हणाल्या होत्या, त्याच आता म्हणायला लागल्या, आता कुठं? पोरीची शाळा हाय, पापडाचं पडलंय. मला काय होयलंय? मी समजावलं, मग ओरडलो, मग अबोला धरला. काही उपयोग नाही. शेवटी एका सकाळी चुलीपुढं उभा राहिलो आणि शिट्टी मारली. जोरात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. ती वळली, शिट्टीकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कवा निघायचं?" तिनं विचारलं.

आधीच सांगून टाकतो, उगीच जीव टांगणीला नको. ह्या खेपेला निघाला. लहान होता, पण दोन खेपांमध्ये नवा आलेला होता, म्हणून हैदराबादला जाऊन भरून घेतला. आज ती ठणठणीत आहे, आणि मी हे लिहीत बसलोय म्हणून आतून भांडी आपटायलीय. आमची पोरगी मोठी झाली की तिलाही नेणार. तिला ते आत्ताच ठाऊक आहे.

पण मला सांगायचंय ते नांदेडचं. आई म्हणाली, मीबी येते. कशाला, म्हणलं, मशीनपुढं तुझं काय काम? ऐकली नाही, लुगडं बदलून मोटारीत येऊन बसली. जुना डॉक्टर बदलून गेलेला होता, नवा तरुण मुलगा होता. त्यानं विचारलं, काय त्रास होतो? ही म्हणाली, काहीच न्हाई. त्यानं भुवया वर केल्या. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, बाईच्या नवऱ्याकडं बघतात तसं, आणि तोच प्रश्न विचारला. "घराण्यात आधी कुणाला?"

मी तोंड उघडलं, पण आई माझ्या पुढं सरकली.

"हाय की. आमच्या घराण्यात लय हाय," ती म्हणाली. "हिची आई, पापड लाटता लाटता. हिची आजी, चुलीपुढं. हिच्या मावशीच्या डोक्यातबी निघाला होता, पर तिनं त्याला धरला."

डॉक्टर गोंधळला. "आजी, तुम्ही यांच्या सासू ना? मग ह्या तिघी तुमच्या कोण?"

"कोण म्हणजे?" आईचा आवाज चढला, बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. "माझ्या नातीच्या डोक्यात त्यांचं रक्त हाय. मग त्या आमच्याच की! लिवा, तिघींचंबी लिवा."